पुढचं चाक

प्रिय ठमे,

त्या सकाळी मी कपडे भिजत घातले होते, दूध गॅसवर ठेवलं होतं, आणि तुझ्या बाबांनी अंगणातून हाक मारली, "अगं, कान घेऊन ये!" मी साबणाच्या हातांनीच गेले. तू दिलेली नवी सायकल त्यांनी उलटी करून ठेवली होती, चाकं आभाळाकडे. लेकीची भेट म्हणून दोन दिवस सगळ्या गल्लीला दाखवून झाली होती, पण ते स्वतः वर बसले नव्हते. कारखान्यातून आलेल्या चाकावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही. ते म्हणायचे, हे घाईत उरकलेलं लग्न आहे, वरून गोल आणि आतून रुसवेफुगवे. यंत्र एका दमात चाकाच्या सगळ्या तारा ओढतं, त्यात एक ताठ राहते, शेजारची लोंबते. गिऱ्हाईक महिनाभर खुशीत फिरतं, मग चाक डुलायला लागतं आणि एके दिवशी तार तुटते. म्हणून आपल्या सायकलच्या दुकानातून नवी सायकल बाहेर पडायच्या आधी ते तिची प्रत्येक तार पुन्हा आवळायचे.

आमची पद्धत तुला ठाऊक आहे. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून तारा आवळायची छोटी चावी त्यांच्या हातात आणि कान माझा. मी बोटाने तार छेडायची आणि सांगायचं, ही ढिली, ही चढलीय, ही बरोबर. मधल्या वेळात मी टायरला गुंडाळून आलेली वर्तमानपत्रं वाचत बसायचे. मी वाचायला शिकले ती त्या कागदांवर. बातमीचा शेवट नेहमी दुसऱ्याच टायरवर गेलेला असायचा.

त्या दिवशी मागचं चाक ऐकून झालं आणि दूध उतू गेलं. मी आत धावले. ते म्हणाले, "राहू दे, पुढचं माझं मी बघतो." तासाभराने सायकलवर बसून, घंटी वाजवत गेले. त्यानंतरचं तुला माहीत आहे. उताराच्या पायथ्याशी ते पडलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, हृदय आधी थांबलं, मग ते पडले. पण काका सायकल घेऊन आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "कारखान्याच्या चाकानं माझ्या भावाचा घात केला." तू तेव्हा दाराशी उभी होतीस. तुझा चेहरा मी पाहिला. डॉक्टरांचं वाक्य त्या घरात कुणाच्या कानात राहिलं नाही, काकांचं राहिलं.

सायकल चादरीत गुंडाळून मागच्या खोलीत खुंटीला टांगली गेली. इतकी वर्षं मी तिच्याखालून तांदळाचा डबा काढायचे, पण वर बघायचे नाही. तू सणासुदीला, आजारपणाला येतेस, सगळं करतेस, पण त्या खोलीत पाऊल टाकत नाहीस. आपण दोघींनी याबद्दल एक अक्षर काढलं नाही.

परवा ती खोली रंगवायला काढली. रंगारी म्हणाला, "मावशी, हे भूत आधी खाली घ्या." घेतलं. चादर सोडली. हँडल थोडं वाकडं होतं, टायर बसलेले होते, बाकी धूळ. मी सायकल उलटी केली आणि पुढचं चाक फिरवलं. ठमे, ते सरळ फिरलं. ब्रेकच्या रबरांना कुठे घासलं नाही, तसूभर डुललं नाही. तारा ढिल्या पडून बसलेलं चाक असं फिरत नाही. मग मी खाली बसून एकेक तार छेडली. सगळ्या एका आवाजात बोलल्या, मागच्या चाकाहूनही गोड.

काकांना बोलावलं. त्यांनी चाक फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि जमिनीवर बसले. म्हणाले, "वहिनी, मी तेव्हा चाकाकडे पाहिलंच नव्हतं. दादा पडलेला दिसला आणि कुणावर तरी राग काढायचा होता." मी त्यांना चहा दिला. आणखी काय देणार?

ते गेल्यावर मला हसू फुटलं. रंगारी शिडीवरून बघत राहिला. अगं, पुढचं चाक मी ऐकलंच नव्हतं! ते बाबांनी एकट्याने लावलं, हाताच्या अंदाजाने, आणि इतकं नेमकं. म्हणजे माझ्या कानाची त्यांना कधी गरजच नव्हती. जन्मभर "कान घेऊन ये" म्हणून मला शेजारी बसवून घेतलं, लबाड माणूस.

परवा फोनवर नात सायकल मागत होती आणि तू मागून "नाही म्हणजे नाही" म्हणालीस, तेव्हा मला कळलं की तू अजून काकांचं ते वाक्य उशाशी घेऊन झोपतेस. म्हणून हे पत्र. तुझ्या सायकलने काही केलं नाही, बाळा. तुझ्या भेटीवर बसून बाबा शेवटचे घंटी वाजवत गेले, एवढंच खरं आहे. पोरीला सायकल घे आणि आधी माझ्याकडे आण. तारा मी ऐकीन, चावी तू धर. काल सकाळी मी टायरमध्ये हवा भरली, हँडल सरळ केलं, आणि त्याच सायकलवरून तो उतार उतरून भाजी आणायला गेले.

तुझीच,
आई