दगड उकळू नका

४ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. माझं ठीक, टाकीचं नाही. तुझ्या आईच्या माशांपैकी आता एकच उरलाय, तो केशरी. आई गेल्यापासून बाकीचे एकामागून एक गेले. मी कसूर ठेवलेली नाही. दर रविवारी तळातले दगड उकळतो, काच घासतो, पाणीही उकळून, गार करून भरतो. इस्पितळात जन्मभर शस्त्रक्रियेची हत्यारं उकळली, कुणी बोट दाखवलं नाही; आणि इथे चार मासे सांभाळता येईनात. हाही गेला तर टाकी भंगारात देईन. मग सकाळी उठायचं कशासाठी, ते मात्र ठाऊक नाही. नुसत्या येरझारा घालतो. तू तळ्यांचा एवढा अभ्यास करतेस, काहीतरी सांग.

तुझे बाबा

११ मार्च

तीर्थरूप बाबांस,

सा. न. वि. वि. पत्र वाचलं आणि हातातलं काम सुटलं. बाबा, दगड उकळू नका. दगड निर्जीव खरे, पण त्यांच्यावरचा तो बुळबुळीत थर जिवंत आहे. डोळ्यांना न दिसणारे जीव तिथे राहतात आणि माशांच्या घाणीतलं विष पचवतात. तुम्ही त्यांनाच मारता, मग मासे तरी कसे जगतील? पाणी उकळलं की त्यात विरघळलेली हवाही जाते. हवा, उजेड, ऊब, दगड, यांच्यात जीव नाही, पण यांच्यावाचून जिवंतांचं पान हलत नाही. आई थोडंसंच पाणी बदलायची, दगडांना हात लावायची नाही, आणि तुम्ही तिला आळशी म्हणायचात.

तुम्हीही खिडक्या उघडा. सगळं बंद करून फरशी पुसत असाल, हे न सांगता कळतं. मला काळजी एकट्या माशाचीच नाही. मुलांच्या परीक्षा संपेपर्यंत कॉलेज सोडता येत नाही आणि जीव थाऱ्यावर नाही.

लोभ आहेच, तो तरी उकळू नका.

तुमची भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. रविवारी हात फार शिवशिवतात. दगडांऐवजी घरातली पातेली घासली, मग शेजारच्या शिंप्याचीही मागून आणली. तो आता मला बघून दार लोटून घेतो. टाकीची काच हिरवी झाली आहे, बघवत नाही. पण केशरी आता वर येऊन धापा टाकत नाही. दगडांत चोच मारल्यासारखं करत फिरतो आणि भूक लागली की माझ्यासमोर येऊन थांबतो.

खिडक्या उघडल्या आहेत. धूळ येते. येऊ दे म्हणतो आणि फडकं घेऊन उठतोच.

सुट्टी लागली की ये. घर मळकं दिसेल, नाक मुरडू नकोस. बाबांनी आईचं सगळंच धुऊन टाकलं असेल, अशी धास्ती तू घेतली असशील. तिची उशी धुतलेली नाही. ती धुवायची नसते, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

तुझे बाबा