प्याल्याची किळस

१७ फेब्रुवारी १९९९, बुधवार

आजपासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ. संध्याकाळी चर्चमध्ये भक्तीला पिराजी माझ्या शेजारी येऊन बसला. कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत राहतो. रोग पूर्ण बरा झालाय, डॉक्टरांचा दाखला आहे — पाळकसाहेबांनी सगळ्यांना सांगितलंय. पण बोटं आत वळलेली, काहींची पेरं झडलेली. गीतांच्या पुस्तकाचं पान मनगटानं उलटत होता. बघायचं नाही म्हणत मी बघतच राहिले.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. उपवास आपोआप घडला!

२१ फेब्रुवारी, रविवार

आकाराममामा आमच्या चर्चच्या पंचांतले सगळ्यांत मोठे. चर्चच्या दारात उभे राहून भेटेल त्याला सांगत होते, "ईस्टरपतूर मटण बंद. तांबडा न्हाय, पांढरा न्हाय." मग यांच्या कानाशी लागले, हेही पंचच — "ते पिराजी प्रभुभोजनाला फुडं येनार काय? एका प्याल्यातनं समद्यांनी द्राक्षरस प्यायचा म्हंजे..."

"बघू," हे म्हणाले. यांचं सगळं 'बघू'च.

शिसारी आली दोघांची. आणि मामा जे बोलले तेच माझ्याही मनात होतं.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

पंचांची बैठक आमच्याकडे. चहा देता देता ऐकलं. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारपासून मोठा प्याला बंद, प्रत्येकाला वेगळा छोटा ग्लास.

"त्येचं नाव घ्यायचं न्हाय," मामा म्हणाले. "आरोग्यासाठी म्हनायचं."

पाळकसाहेब तरुण, नवे. "तो बरा झालाय हो," दोनदा म्हणाले. हात वर झाले. यांचाही.

प्रभुभोजनाच्या मेजाची तयारी माझ्याकडे, म्हणून ग्लास मीच आणायचे.

सगळे गेल्यावर यांना विचारलं, "तुम्ही हात का वर केलात?"

"तुला चाललं असतं?" म्हणाले.

७ मार्च, रविवार

प्रभुभोजन. सकाळीच ठरवलं होतं — पिराजीच्या शेजारी गुडघे टेकायचे, त्याच्या नंतर प्यायचं. देवासाठी की मामांना दाखवायला? दोन्ही असेल.

त्यानं दोन्ही तळव्यांत प्याला धरला. थेंब सांडला नाही. मी प्याले. पुसला नाही. मामा बघत होते. मला बरं वाटलं.

भक्ती संपेपर्यंत कशीबशी बसले, मग चर्चच्या मागं चिंचेखाली जाऊन ओकले. तोंड पुसून वळले तर पिराजी नळापाशी उभा. बघितलं असणार. बघितलंच.

दिवसभर तोंड आंबट. स्वतःच्या पोटाची एवढी किळस कधी आली नव्हती.

१९ मार्च, शुक्रवार

शाहूपुरीतून ग्लास आणले. अंगठ्याएवढे. दुकानदारानं विचारलं, "औषध द्यायला काय, वैनी?"

व्हय म्हटलं.

१ एप्रिल, पवित्र गुरुवार

पिराजी आला, शेवटच्या बाकावर बसला. ग्लासांचा ट्रे जवळ गेल्यावर नुसती मान हलवली. घेतलं नाही.

बाहेर मामा — "बगा, त्येलाच नगं हाय. आपन कुठं आडीवलंय?"

सगळे हसले. मला ठाऊक आहे त्यानं का नाकारलं. माझ्यामुळं.

२ एप्रिल, गुड फ्रायडे

येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात; 'मला तहान लागली आहे' हा उद्गार यांच्या वाट्याला. बराच वेळ बोलले. बायका पदरानं डोळे टिपत होत्या. मला यांच्याकडे बघवेना.

पिराजी नव्हता.

४ एप्रिल, ईस्टर

पहाटे कबरस्तानात भक्ती. सगळीकडे नवे कपडे, अत्तर. पिराजी नाही. कुणी विचारलंही नाही.

दुपारी मामांच्या घरून मटणाचा डबा आला. हे दोनदा वाढून घेत जेवले. मी ताटावरून उठले.

६ एप्रिल, मंगळवार

वसाहतीत गेले. माफी मागायची, हे ठरवूनच. पिराजी दारातल्या वांग्यांना पाणी घालत होता. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "चुकलं बाई माजं. न सांगता यायचं बंद केलं. त्यो बारका गिलास हातात ऱ्हात न्हाय. पडला आसता सगळ्यांच्या म्होरं. मोटा प्याला तळव्यांत धरता येतुया की."

"आणि त्या रविवारी... चिंचेखाली मी..."

"कवा?" म्हणाला. त्यानं काही बघितलंच नव्हतं.

मी पायरीवर बसले. माफी मागायची राहूनच गेली.

उद्या पाळकसाहेबांकडे जाते. मोठा प्याला बाहेर काढा म्हणते. त्याच्या शेजारी मीच बसणार. ओकले तर ओकले.