दिवसाढवळ्या निजणाऱ्या बायका

आये, मी विमानाची कॅप्टन झाले. खांद्यावर चौथी पट्टी लागली. तू गेल्याला इतकी वर्षं झाली, पण ही बातमी तुला सांगितल्याशिवाय मला ती खरी वाटेना, म्हणून लिहायला बसले आहे. सुट्टी घेऊन गावच्या घरी आले आहे आणि भर दुपारी मनसोक्त झोपून नुकतीच उठले आहे.

वाडीत सगळ्यांना वाटतं माझी ऐश आहे. सकाळी एक शहर, दुपारी दुसरं. शेजारची काकी विचारते, "हैदराबाद कसा हाय गो?" मी काय सांगणार, कपाळ? मला तिथली धावपट्टी तेवढी माहीत. तासाभराचं उड्डाण, उतरायचं, प्रवासी बदलले की पुन्हा वर, असं दिवसातून चारदा. मधल्या वेळात मांडीवर डबा घेऊन गार उपमा गिळायचा. आज पहाटेची ड्युटी, परवा संध्याकाळची, त्यामुळे भूक कधी लागावी आणि झोप कधी यावी हे शरीराला कळेनासं होतं. शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा मी कुठल्यातरी हॉटेलात पडदे ओढून पडलेली असते.

पडदे ओढले की तू आठवतेस. मिरजोळ्याच्या माशांच्या कारखान्यात तुझी रात्रपाळी. सकाळी कंपनीची गाडी तुला हातखंब्याच्या तिठ्यावर सोडायची. घरी येऊन भात टाकायचीस, आणि खिडकीला गोधडी बांधून निजायचीस. बाबा मुंबईला. एका मे महिन्यात आत्या आली आणि ओटीवर बसून सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाईमाणूस दिवसाढवळ्या निजतं काय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आत येऊन तुला हलवते आहे, आणि तू डोळे न उघडता म्हणतेस, "च्या तू कर. मी निजलेय." संध्याकाळी मात्र मला चांगलंच फैलावर घेतलंस. "झोपेची लाज वाटते तुला? माझ्या हातात सुरी असते, म्हाकूल कापते मी. डोळा लागला नि बोट गेलं, तर आत्या येनार हाय काय कामावर?"

तुझं ते बोलणं गेल्या वर्षी कामी आलं. लागोपाठ पहाटेच्या ड्युट्या झाल्या होत्या. तेव्हा मी सहवैमानिक. कंट्रोल टॉवरने रेडिओवरून आम्हाला उंची सांगितली आणि नीट ऐकलं हे कळावं म्हणून ती परत सांगताना मी आधीच्या फेरीतलीच उंची सांगून बसले. शेजारच्या कॅप्टननी लगेच चूक सुधारली. उतरल्यावर ऑफिसातून फोन, अजून एक फेरी करा. कॅप्टनपदाची माझी परीक्षा तोंडावर आली होती. अशा वेळी नकार देणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. मी म्हटलं, "मी दमले आहे. उडवणार नाही."

परीक्षा पुढे ढकलली गेली. बायकांना झेपत नाही, असंही कुणीतरी बोललंच. पण आये, शेवटी दिली ना मी परीक्षा! पहिल्याच फटक्यात पास. परीक्षकांनी तो दिवस उकरून काढला तेव्हा मी सरळ सांगितलं, "सर, त्या दिवशी माझं डोकं चालत नव्हतं, आणि तेवढं मला कळत होतं." त्यांनी उठून हात मिळवला. नाकं मुरडणाऱ्यांचेच अभिनंदनाचे फोन आधी आले. काय मजा वाटली म्हणून सांगू!

कॅप्टन झाल्यावर पहिल्याच आठवड्यात, दिवसाची शेवटची फेरी उरलेली असताना माझा सहवैमानिक, माझ्याहून वयाने मोठा, खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, आता माझ्याच्यानं होणार नाही." मी फोन उचलला. "आम्ही दमलोय. दुसरे वैमानिक पाठवा," असं खणखणीत सांगून टाकलं. 'आम्ही' म्हटल्यावर त्याने मान वर केली. तू ऐकायला हवं होतंस.

हे पत्र टाकायचं कुठे? लिहून झालं की घडी करून कपाटात ठेवीन. एवढ्या फुशारक्या मारल्या, तर एक गोष्टही सांगते. तो सहवैमानिक नाही म्हणाला तेव्हा आधी मला त्याचा रागच आला होता. ती फेरी घरी नेणारी होती, आणि माझी लेक माझ्यासाठी जेवायची थांबली होती.