दीड भाकरीचं पोट

११ मार्च १९७४, विश्रामबाग
सदऱ्याचं बटण आज भर वर्गात उडालं आणि पहिल्या बाकावर पडलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. जानेवारीत ताप आला, डोळे लाल, घसा बंद. तेव्हापासून फुगतोच आहे. खाणं तेच. सकाळी दीड भाकरी, रात्री दीड. सौ.लाही तोच ताप आला होता, ती मात्र आहे तशी सडपातळ. हा कुठला न्याय!

१४ मार्च
माधवनगरच्या गिरणी कामगारांचं बोलावणं. १ मे रोजी, कामगार दिनाला भाषण. विषय त्यांनीच सांगितला, माझा गाजलेला: 'ढेरी म्हणजे दुसऱ्याची भाकरी'. इतकी वर्षं गावोगाव हेच गर्जत आलो. निरोप घेऊन आलेला बाबू, मागावरचा कामगार, अंगानं काडी. माझ्या पोटाकडे बघून म्हणाला, "मास्तर, पुरावा संगंच आणताय व्हय?"
हसलो खरा. पण हे वाक्य खोटं ठरलं तर त्या व्यासपीठावर मी उभा कशाच्या बळावर राहू?

२२ मार्च
भात बंद, साखर बंद. पहाटे पळणं. स्टेशनवरच्या काट्यात नाणं टाकलं. वजन वाढलेलंच. तिकिटामागे छापलंय, 'लवकरच मानसन्मान लाभेल.'

३१ मार्च
साताऱ्याला जगतापकडे. शाळेपासूनचा मित्र, आता जनावरांचा डॉक्टर. तिकडे कोंबड्यांत मर आली आहे. मेलेली एक चिरून दाखवली. "आजारानं मेलेली कोंबडी वाळलेली हवी. ही बघ." आत पिवळी चरबी, थरावर थर. त्याला विषाणूचा रोग वाटतो.
"मग माणसालाही तापातून असंच..."
"तू कोंबडी आहेस का?"
"सांग की!"
"माहीत नाही रे. शोधायला हवं."
परतताना एस.टी.त शेजारच्याला सगळं समजावून सांगितलं. त्याचं तिकीट सांगलीचं होतं, उतरला कराडला.

८ एप्रिल
बाबूला कोंबडीची हकिकत सांगितली. "म्हंजे तुमची ढेरी तापाची, आन् आमच्या मालकाची चोरीची? ब्येस हाय!" मी म्हणालो, आठवडाभर तुझ्या घरी राहतो, तुझ्या डोळ्यांदेखत जेवतो. मग बोल.

११ एप्रिल, माधवनगर
प्रयोग बोंबलला. पाहुणा दीड भाकरीवर हात धुतो, हे बाबूच्या आईला सोसेना. "आवं मास्तर, गल्लीत काय म्हंतील? घरी आणून उपाशी मारलं?" तिसरी भाकरी ताटात, आमटीवर तूप. नको म्हटलं की पदर डोळ्यांना. साक्षीदार बाबू तिच्याच बाजूचा. "खावा मास्तर, न्हाईतर मला शिव्या बसत्याल."
खाल्लं. आमटी लय झकास होती, हेही इथे नोंदवतो.

२५ एप्रिल, विश्रामबाग
भाषणाच्या सुरुवातीचं ते ढेरीचं वाक्य ठेवू की काढू? एकदा खोडून परत लिहिलं. काढलं तर भ्यालो असं होईल. ठेवलं तर... सौ. भाजी निवडता निवडता म्हणाली, "मालकाला पोटावरनं कशाला झोडता? मजुरीवरनं झोडा की." यावर दिवसभर तिच्याशी भांडलो. ती बरोबर आहे असं वाटू लागलंय, म्हणून जास्तच.

३० एप्रिल
माधवनगरला गेलो तर बाबू अंथरुणात. गल्लीत तापाची साथ. डोळे लाल, घसा बंद, थेट माझ्यासारखा. "उद्या सभंला येणं हुत न्हाई. कर्ण्याचा आवाज हितवर येतो. जोरात बोला, ऐकतोय मी," असं कसंबसं म्हणाला.
निघताना त्याची आई दारापर्यंत आली. हळूच विचारलं, "तुमाला आलावता त्योच ताप न्हवं ह्यो?"
"तसाच दिसतोय."
"मग ह्यो बी तुमच्यावानी अंगानं भरंल व्हय?"
डोळ्यांत केवढी आशा!
घरी येऊन भाषणाचं पहिलं वाक्य पुन्हा खोडलं.