तुझी अक्षरं वाटली, त्याबद्दल

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली कागदावरच घालते, गोड मानून घे.) तुझा खोकला कसा आहे? वहिनी फोनवर ‘बरा आहे’ म्हणतात आणि मागे तू खोकताना ऐकू येतोस. म्हणजे फोनजवळच असतोस, घेत मात्र नाहीस. आज तीन आठवडे झाले.

तुझ्या पंचाहत्तरीचं आमंत्रण तुझ्याच अक्षरांत छापायचं, हे डोकं माझं एकटीचं. आठ वर्षं भिंग लावून, एकेक वेलांटी गिरवून तू संगणकासाठी तो फॉन्ट केलास आणि विकायला ठेवलास; लहानपणी माझ्या वह्यांवर नाव घालायचास, तीच वळणं. (शाळेतल्या सिस्टर ती वही वर्गभर फिरवायच्या आणि मी, अक्षर माझंच असल्यासारखी, विनयाने खाली बघायचे.) तुझ्याकडे मागितला असता तर गुपित फुटलं असतं. म्हणून शेजारच्या सूनबाईला विचारलं. तिने दोन मिनिटांत कुठूनसा फुकट उतरवून दिला. अगं, ही चोरी नाही का, म्हटलं, तर म्हणाली, “मावशी, चोरी झाली की वस्तू जाते. इथे काकांचं काय गेलं? त्यांच्याकडे आहेच की.” खरं सांगायचं तर मी उत्तर फारसं शोधलंच नाही.

मग कळलं की तिथे घेणाऱ्याने पुढे द्यायचंही असतं. आपला संगणक चालू ठेवला की अनोळखी लोक आपल्याकडून उतरवून घेतात. नुसतं घेऊन हात झटकणं मला बरं दिसेना. अकरा दिवस संगणक बंद केला नाही. (तापला तेव्हा त्याला पंखा लावला, मी घामाघूम बसले.) पडद्यावर आकडा चढत होता. सकाळी चहाआधी तो बघायचे आणि ऊर भरून यायचा: माझ्या दादाची अक्षरं कुठल्या कुठल्या घरांत पोचली.

समारंभात माइक हाती आल्यावर तेच सांगितलं. चारशे बारा जणांना दादाची अक्षरं मी फुकट दिली. टाळ्या झाल्या. तू तेवढा चष्मा पुसत राहिलास. जिना उतरताना वहिनी हळूच म्हणाल्या, “विकत घेणारे आजवर एकोणसाठ. प्रत्येकाला हे हाताने पत्र लिहितात.” काकांचं काय गेलं, ते मला त्या जिन्यात समजलं. दुसऱ्या दिवशी सूनबाईला म्हटलं, ती सगळी परत मागव. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पाणी आणून दिलं.

चुकले रे दादा. न विचारता घेतलं, वर दानशूर म्हणून मिरवले.

तुझी,
चिमा

ता. क. : फॉन्ट आता रीतसर विकत घेतला आहे, त्याला नऊ दिवस झाले. विकत घेणाऱ्याला तू पत्र लिहितोस म्हणे. मला अजून आलेलं नाही. रोज पेटी उघडून बघते.

आणखी एक : विकतचा संगणकात कसा बसवायचा ते मला येत नाही आणि सूनबाईला आता विचारायचं नाही असं ठरवलंय. त्यामुळे हे पत्र त्या चोरलेल्यातच छापलं आहे. दुसऱ्या कुणाच्या अक्षरांत तुला काय लिहू?