माझ्या गुलाबाला वांझ म्हणणाऱ्यास

आणि वर तोंड करून माझा दीर भिकाजी म्हणतो, "वहिनी, झाड वांझ आहे, उपटून टाकू." दोन दसरे त्या झाडावर कात्री कोणी चालवली? ह्यानेच! गावी दसऱ्याला गुलाब छाटतात म्हणून इथेही छाटला. हा गुलाब वर्षातून एकदाच फुलतो, एप्रिलात, तोही जुन्या काडीवर. काडीच कापली तर फुलणार काय, भिकाजीचं डोकं?

असो. मी रखमाबाई तानाजी येवले, वय बावन्न, शिक्षण तिसरी, जबल अखदर डोंगरावरच्या रेस्टहाऊसची स्वयंपाकीण, डोकं ठिकाणावर ठेवून, कोणाच्या धाकाखाली नसताना हे लिहिते. दसऱ्यानंतर मस्कतला ऑपरेशन आहे. उठले तर उठले.

१) वाईची खोली पुतणी प्रियांकाची. तिचा बाप भिकाजी. पाऊस असला तर त्याला आत घ्यावं.

२) स्वयंपाकघरामागचं गुलाबाचं झाड. जमीन अर्बाबची, म्हणजे मालकाची, झाड माझं, हे अर्बाब चारचौघांत बोललेत. वाईहून आणलेला गावठी गुलाब इथल्या थंडीत दरसाल काळा पडायचा. म्हणून इथल्या डोंगरी गुलाबाचा पराग काजळाच्या काडीने त्याच्या फुलात मी घातला. बिया ओल्या फडक्यात फ्रिजात ठेवल्या. आमचे हे तेव्हा होते, हसले, "लोणचं घालतेस का गं?" सगळ्या रोपांत हे एकच गोठणाऱ्या रात्रींना पुरून उरलं. वास असा, की पोळी करपली तरी कळत नाही.

मला मूल नाही. सासरी हाच शब्द मला ऐकवला, मी गिळला. झाडासाठी गिळणार नाही.

३) बागेचा माळी भिकाजी, म्हणून झाड त्याच्याकडे. अट एकच: कात्री फुलं सरल्यावर, मे महिन्यात. कबूल नसेल तर झाड दिलशादचं. ती इथे कपडे धुते. पहिल्या हिवाळ्यात तिने रोपांवर टॉवेल पांघरले आणि बोलणी खाल्ली. भिकाजीने तेव्हा शेकोटी सोडली नाही.

सही: रखमाबाई तानाजी येवले
साक्षीदार: एकनाथ (भांडार), सादिक (ड्रायव्हर)
जबल अखदर, ओमान. १८ सप्टेंबर २०१६

भिकाजी, हे एकनाथ तुला वाचून दाखवेल. कात्री आणून माझ्या हातात देतोस, की दिलशादला झाड मुळासकट नेऊन तिच्या खोलीमागे लावू दे? शुक्रवार, ३० सप्टेंबर, घट बसायच्या आदल्या दिवशी, सगळ्यांसमोर सांग. अट कबूल, हो किंवा नाही. इन्शाल्ला चालणार नाही.