एका अंगाची मोजणी

३ सप्टेंबर १९८४
संशोधन केंद्रावर सुखरूप पोहोचलो. क्वीन्सलँडचा वसंत प्रसन्न आहे. माझ्या सात वर्षांच्या ऊनाने वाटेत सोळा वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, मोजले. गुरांची व्यवस्था पाहणाऱ्या मर्ल प्रोसरबाईंनी चहा आणि भोपळ्याचे स्कोन देऊन स्वागत केले. माझ्या टायकडे पाहून त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, गोचिड्यांनी लग्नाला बोलावलंय का तुम्हाला?" ऊना खळखळून हसली. माझी पत्नी रोझलिंड गेल्यापासून, म्हणजे अकरा महिन्यांत, ते हसणे मी प्रथमच ऐकले.

७ सप्टेंबर
बारा बैलांपैकी सहांना आमची लस टोचलेली आहे. त्यांचे रक्त प्यायल्यावर गोचिडीचे आतडे फुटावे आणि ती गळून पडावी, अशी अपेक्षा आहे. रोज सकाळी बैलाच्या डाव्या अंगावरील रक्त पिऊन फुगलेल्या गोचिड्या मोजून संख्या दुप्पट करावयाची, ही या कामाची सर्वमान्य रीत. उजवे अंग कोणी पाहत नाही. बैलाला दोन बाजू असतात हे इथे फक्त बैलालाच ठाऊक आहे, असे प्रोसरबाई म्हणतात.
माझ्या पत्नीचा जीव घेणारी गोचीड निराळी, झाडोऱ्यातली. तिच्या विषाने आधी पाय जातात, मग आवाज, मग श्वास. तिच्यावर लस नाही. आमची लस यशस्वी झाली तर तिच्यावरील लसीचीही वाट सापडेल. ऊनाला मी तसे वचन दिले आहे.

१९ सप्टेंबर
लस टोचलेल्या सहाही बैलांवरील संख्या निम्म्याहून खाली आली. गळालेल्या गोचिड्या आतून फुटून लालभडक झालेल्या. ऊनाने ओढ्याकाठी जेवण्याचा हट्ट धरला. आजच्या दिवशी तो मोडवला नाही. परतल्यावर तिचे अंग काळजीपूर्वक तपासले. शून्य.

२३ सप्टेंबर
ऊना पायरीवर दोनदा अडखळली. प्रोसरबाईंनी विचारले, पोरीला नीट तपासले ना. मोजणी हाच माझा व्यवसाय असल्याचे मी काहीशा तुटकपणे सांगितले.

२४ सप्टेंबर, सकाळ
तिला उभे राहता येत नाही. आवाज बसला आहे. रोझलिंडचाही असाच — मी त्याला सर्दी म्हटले होते.
पुन्हा तपासले. डाव्या कानामागे. डाव्या काखेत. काही नाही. प्रोसरबाई दारातून पाहत होत्या. म्हणाल्या, "अहो, लेक आहे ती तुमची, बैल नाही. उजवीकडे कोण बघणार?"
उजव्या कानामागे, केसांत. वाटाण्याएवढी.
पाच दिवस मी शून्याची दुप्पट करीत होतो.

२४ सप्टेंबर, गाडीत
प्रोसरबाई गाडी चालवीत आहेत. गोचीड काढली तरी विष चढतच राहते. हे मी इतरांना शिकवीत आलो आहे. प्रतिविष दीडशे किलोमीटरवरच्या रुग्णालयात.
श्वास मिनिटाला अठ्ठावीस.
बत्तीस. उथळ.
रोझलिंड, हिला नको —

२५ सप्टेंबर, रुग्णालय
प्रतिविष दिले. श्वास वीस. तिने माझे बोट धरले. ती वाचेल, असे डॉक्टर म्हणतात. प्रोसरबाई गुरांसाठी परतल्या. उठताना मला भिंत धरावी लागली. थकवा असावा.

दुपार
थकवा नव्हे. मीही ओढ्याकाठी गवतात बसलो होतो. मला कोणी तपासले नाही. मीही नाही.
परिचारिकेला सांगू लागलो तर जीभ वळेना. मी प्यालो आहे असे तिला वाटले. बाहेरच्या बाकावर बसवून तिने पाठ थोपटली. रागावली असती तर बरे — डॉक्टरांना तरी बोलावले असते.
लिहून दाखवीन. पुन्हा येईल तेव्हा.
पाय नाहीत. पेन्सिल दोन्ही हातांनी —
ऊनाला दुसरे कोणी नाही.
काचेतून दिसते. ती जागी झाली आहे. मला शोधते आहे. हाक मारायची — आवाज —
कोणी हे वाचील तर आधी माझ्या केसां